जुना पत्ता

आमच्या अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरे आमचे चांदूर रेल्वे. एकाचा पिनकोड ४४४७०४, दुसऱ्याचा ४४४९०४. अवघ्या एका आकड्याचा फरक! १९७२ साली सुरू झालेली ही पिनकोडाची पद्धत ज्यांनी आखली, ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, हे मी दरवर्षी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगतो. भाषेच्या माणसालाही आकड्यांत गती असू शकते, असे मला सुचवायचे असते. माझ्यापुरते ते खरे नाही, हे मात्र गेल्या उन्हाळ्यात सिद्ध झाले.

झाले असे की, वीज गेली, आली, आणि माझा लॅपटॉप काही केल्या उठेना. दोन वर्षांपूर्वी, अमरावतीस भाड्याच्या घरात असताना, त्याची अख्खी नक्कल – सिस्टिम इमेज म्हणतात ती – मी वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवली होती. ती परत चढवली. पाहतो तो पडद्यावर जुने चित्र, जुने अर्धवट लेख (त्यांतले दोन तर बरे वाटले!), सारे जसेच्या तसे. फक्त इंटरनेट नव्हते. या यंत्राचे वायफाय केव्हाच मेले आहे. भिंतीवरच्या डब्यातून तार आणून खोचावी लागते. तार खोचली, काढली, फुंकर मारली, पुन्हा खोचली. माझी विद्या तिथे संपली.

एरवी मी खुशाल झोपलो असतो. पण त्या रात्री बारापर्यंत बी. ए.च्या मुलांचे अंतर्गत गुण भरायचे होते. न भरले तर सदतीस मुलांचे निकाल अडकणार. मोबाईलवर तो तक्ता नुसता दिसे, भरता येत नसे. शेवटी नऊ वाजता गल्लीतल्या एका विद्यार्थ्याला हाक मारली. हा वर्गात शेवटच्या बाकावर बसून मालगाड्यांचे डबे मोजतो, अशी माझी समजूत.

तो आला आणि आधी तारेच्या तोंडाशी वाकला. "बत्ती तं पेटून राह्यली, सर. म्हंजे तार चांगली हाय." मग त्याने एक काळी चौकट उघडली. यंत्राकडून स्वतःलाच हाक मारविली, उत्तर आले. डब्याला हाक मारविली, उत्तर नाही. तेथले आकडे वाचता वाचता तो एकदम हसला.

"सर, हे अजून अमरावतीतच राहून राह्यलं!"

अमरावतीच्या डब्याचा पत्ता होता १९२.१६८.१.१. तिथल्या तंत्रज्ञाने तो आणि यंत्राचा स्वतःचा पत्ता हाताने लिहून कायम केला होता. चांदुरास आल्यावर कोणीतरी ते बदलले; पण माझी नक्कल त्याआधीची! इथला डबा राहतो १९२.१६८.०.१ वर. तार धडधाकट, दिवा पेटलेला, आणि यंत्र बिचारे सोडून आलेल्या घराचे दार ठोठावीत बसलेले. मुलाने ते आकडे पुसले आणि पत्ता आपोआप घेण्याच्या खुणेवर टिचकी मारली. ही सोय १९९३ पासूनची. डबा स्वतःच मुदतीच्या भाडेपट्ट्याने यंत्राला एक पत्ता देतो, मुदत सरत आली की पट्टा वाढवून देतो. घरमालकांत इतका सालसपणा मी पाहिलेला नाही. क्षणात इंटरनेट आले.

"थांबतो थोडा," तो म्हणाला. "पुन्हा बंद पडलं तं."

मी वही उघडून गुण भरू लागलो. त्याचे नाव जवळ येताच तो उठला आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला. वहीत वीसपैकी आठ होते. निबंध चार पानी, पण विषय सोडून. मी त्यावर लाल शाईने तसे लिहिलेही होते. आठाच्या आधी एक ठेवला की अठरा होतात. अवघा एकच आकडा! बाहेर मालगाडी जात होती, बरीच लांब.

मी आठच लिहिले.

"चहा घेशील?" मी विचारले.

"घेतो न, सर," तो म्हणाला. पण गाडी संपेपर्यंत वळला नाही.