येडशीहून रोलच्या शोधात

येडशीत तळणाला तोटा नाही. सोलापूर-धुळे महामार्ग आणि लातूर-बार्शी रस्ता इथेच एकमेकांना भेटतात. त्यामुळे चौकात भजी, वडापाव, मिरची सकाळपासून कढईत असतात. श्रावणात रामलिंगाला गर्दी झाली की विचारायलाच नको. पण खिम्याचा तळलेला रोल हवा असेल, तर रमजानच्या चंद्राची वाट पाहायची, नाहीतर धाराशिव, बार्शी, लातूर गाठायचं. मी गेली पंधरा-सोळा वर्षं दोन्ही करतो आहे. घरचे याला खूळ म्हणतात.

रोल म्हणजे कोणता, ते आधी सांगतो. कोलकात्याचा पराठ्यात गुंडाळलेला काठी रोल नव्हे. मुंबईत ताजच्या मागे 1946 पासून बडेमियाँकडे रुमाली रोटीत सीख गुंडाळून मिळते, तीही नव्हे. आपला रोल बोटभर लांब. समोशाच्या पट्टीत कोरडा खिमा भरायचा, दोन्ही टोकं आत दुमडायची, मैद्याच्या खळीनं चिकटवायचं आणि तळायचं. समोसा आणि रोल सख्खे भाऊच. समोशाचं कौतुक मात्र जुनं. चौदाव्या शतकात इब्न बतूतानं मुहम्मद बिन तुघलकाच्या दस्तरखानावरचा समोसा लिहून ठेवला. हाच तुघलक दिल्ली उठवून आपल्या दौलताबादला घेऊन आला, तेव्हा त्याचे खानसामेही सोबत आले असणार, असं मी आपलं मनातल्या मनात धरून चालतो.

खरी परीक्षा पट्टीची. हल्ली बाजारात तयार पट्ट्यांची पाकिटं मिळतात. अम्मी घरी करायची. चार-पाच पातळ पोळ्या, मधे तेल आणि कोरडा मैदा, सगळ्या एकावर एक ठेवून एकदम लाटायच्या. तव्यावर जेमतेम शेकायच्या आणि गरम असतानाच एकेक पदर सोडवायचा. थंड झाल्या की सुटत नाहीत, फाटतात. बोटं भाजतात म्हणून आम्ही पोरं पळून जायचो. अशा पट्टीचा रोल तळल्यावर फुगत नाही, त्याला फोड येत नाहीत, कागदासारखा कुरकुरतो. दुसरी गोष्ट, खिमा पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचा नाही. गरम खिम्याच्या वाफेनं पट्टी आतून ओली होते आणि रोल कढईतून काढल्यावर पाच मिनिटांत मान टाकतो. गाड्यावरचे निम्मे रोल इथेच नापास होतात. उरलेले कोबी आणि सोयाबीनच्या चुऱ्यामुळे. बटाटा घालणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, रोजा असतो.

खिमा कशाचा, हा तिसरा मुद्दा. आपल्याकडे उस्मानाबादी शेळी आहे. काळीभोर, उंच, बहुतेक वेळा जुळी करडं देणारी, कोरडवाहू माणसाची बँक. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी अजून उस्मानाबादीच आहे. तिच्या बोकडाचा खिमा यंत्रातून न काढता चाकूनं बारीक केलेला असेल, तर त्यात पुदिना, हिरवी मिरची, थोडा कच्चा कांदा एवढंच पुरे.

पण गाड्यावर बोकडाचा खिमा कधीच सर्रास नव्हता. परवडतच नाही. रोल गरिबाचा झाला तो बड्याच्या जिवावर. राज्यात गोहत्याबंदी 1976 च्या कायद्यानं होतीच. 2015 मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस-रेडा बंदीत नाही, हे गाड्यावाल्याला माहीत असतं, खाणाऱ्यालाही. तरी कायद्यात काय लिहिलंय यापेक्षा रस्त्यावर कोण अडवेल, याचीच भीती मोठी. त्यामुळे एकेक करून सगळे चिकनकडे वळले. चिकनचा रोल वाईट नसतो. फक्त त्याला चव आणायला सॉस लागतो, आणि सॉस आला की सगळीकडचे रोल एकाच गावचे होतात.

भीतीची एक गोष्ट. तीन वर्षांपूर्वी बार्शीहून येताना माझ्या डिकीत पंधरा रोल होते, सोबत येडशीचाच वर्गमित्र. पुढे रस्त्यात काही पोरं गाड्या थांबवताना दिसली. मित्र म्हणाला, "पिशवी माझ्या मांडीवर दे." मी दिली. त्यांनी आत डोकावून त्याचं नाव विचारलं, त्यानं आडनावासकट सांगितलं, आणि आम्ही निघालो. रोल बोकडाचे होते. कुणी विचारलंच नाही. येडशी येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही. घराजवळ उतरताना त्यानं पिशवीतले चार काढून घेतले, "माझा टोल" म्हणाला.

आता सगळ्यात चांगला रोल कुठला? गाड्यावरचा नाहीच, असं म्हणावं लागेल. धाराशिवला ख्वाजा शमसुद्दीन गाजींच्या दर्ग्याकडे जाताना एका बोळात एक खाला राहतात. रमजानात असरच्या नमाजनंतर त्यांचा मुलगा दाराबाहेर स्टूलवर परात मांडतो. बोर्ड नाही, नाव नाही. रोज साठ रोल, त्यापुढे एकही नाही. बोकडाचाच खिमा, पट्टी घरची. तळण मगरिबच्या आधी अर्धा तास, त्याआधी कितीही मस्का मारा, कढई चढत नाही. मी त्यांना विचारलं, शंभर का करत नाही? त्या म्हणाल्या, "साठ तक हात चलताय बाबा, उस के आगे जबान चलती."

एकदा रांगेत एका अनोळखी गृहस्थानं विचारलं, "कशाचा आहे हो?" सगळे गप्प. विचारण्यात वाईट काही नव्हतं, चेहऱ्यावरून माणूस बिचारा भुकेलाच दिसत होता, पण तो प्रश्न आता तेवढाच राहिलेला नाही. खाला आतूनच म्हणाल्या, "बोकडाचा आहे दादा, गरम आहे, फुंकून खा." त्यानं उभ्याउभ्या दोन खाल्ले आणि सहा बांधून नेले. रांगेतले आम्ही रोजेदार त्याच्याकडे बघत राहिलो. अजान व्हायला बारा मिनिटं होती.

मागच्या रमजानात रोल तीस रुपयांना झाला. आधी वीसला होता. मटणाचा भाव बघता तीसही परवडत नाही, हे खालांचा मुलगा बोटांवर हिशेब करून दाखवतो. त्याचं म्हणणं, पुढच्या वर्षी अर्धे चिकनचे करू. खालांचं म्हणणं, मग तू कर, मी तस्बीह घेऊन बसते. दोघांचं अजून ठरलेलं नाही. मी मुलाला सांगून आलोय की चाळीसला केला तरी माझे दहा धर. येडशीच्या मित्राचे चार वेगळे.