एका चेहऱ्याच्या शोधात

चित्रकाराला दोन गोष्टींची भीती वाटते. एक कोऱ्या कागदाची आणि दुसरी लहान मुलांची. त्यातल्या त्यात कोरा कागद बरा. तो निदान बोलत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मी एका प्रकाशकासाठी बालगोष्टींच्या मालेचा नायक काढीत होतो. महिनाभर खपून एक पोरगा सिद्ध केला. वाटोळं डोकं, बशीएवढे डोळे, कपाळावर एक चुकार बट. मी स्वतःवरच खूश होतो. तेवढ्यात माझी सहा वर्षांची भाची टेबलापाशी आली, टाचा उंचावून पाहिलं आणि म्हणाली, “मामा, हा तर टीव्हीतला!” त्या टीव्हीतल्याचं नावही तिनं सांगितलं आणि ती खेळायला निघून गेली. दोन दिवसांनी प्रकाशकानं तेच कळवलं, फक्त जास्त शब्दांत. वर दिवाळीनंतरची मुदतही घालून दिली.

मी चोरी केली नव्हती, हे शपथेवर सांगतो. पण पंचवीस वर्षं चित्रं काढून पोट भरलेल्या माणसाच्या हातात स्वतःचा एक चेहरा असू नये, हे चोरीपेक्षाही वाईट. त्या रात्री फोनवर मुलांची चित्रं शोधली. हजारो निघाली आणि सगळी एकाच आईची लेकरं! सारा गाव एकाच विहिरीवर पाणी भरत असेल, तर माझ्या घागरीत वेगळं काय येणार?

एक स्नेही म्हणाला, “वाडीला जाऊन ये.” कोकणात नुसतं ‘वाडी’ म्हटलं की सावंतवाडी. मी कोकण रेल्वेनं निघालो. मनात विचार असा, की तिथं जुनी चित्रं आहेत, त्यांतलं काहीतरी उचलू. म्हणजे खोड गेली नव्हती; फक्त विहीर बदलायला निघालो होतो.

सावंतवाडीच्या मध्यभागी मोती तलाव आहे आणि तलावाकाठी राजवाडा. या वाड्यात गंजिफा रंगवल्या जातात. गंजिफा म्हणजे खेळायची वाटोळी पानं. हा खेळ आपल्याकडे जुना; १५२७ साली बाबरानं सिंधमध्ये गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. वाडीत ही कला जवळजवळ विझली होती. १९७० नंतरच्या काळात शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा फुलवली, तीही आधी स्वतः शिकून घेऊन.

दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पानं, एकूण १२०. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. आता कूर्माच्या दहाव्या पानाचा विचार करा. तळहातात मावणारं वाटोळं पान आणि त्यावर दहा कासवं बसवायची! तिथं कासवाच्या पाठीवरची नक्षी काढायला सवड कुठली? एक पाठ, एक मान, चार पाय. तरी ते कासवच असलं पाहिजे; खेळणाऱ्यानं हातातली पानं पसरताच ओळखलं पाहिजे.

मी पाहत उभा होतो तिथं एक बाई पान बोटांवर फिरवत कुंचला चालवत होत्या. मी विचारलं, “सगळी चित्रं ठरलेली. मग यात तुमचं स्वतःचं काय?”

बाई हसल्या. दोन पानं माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, “ह्यो माझो मासो, ह्यो तिचो,” आणि शेजारणीकडे मान केली.

मी निरखून पाहिलं. मासा तोच, रंग तोच. पण एक मासा नुकताच जेवून उठल्यासारखा सुस्त, तर दुसरा कुणाच्या तरी मागावर असल्यासारखा. दोघींनी वेगळं काढायचा प्रयत्न अजिबात केला नव्हता. दोघींना मासा काढायचा होता, एवढंच. मी मात्र महिनाभर ‘वेगळं’ काढत बसलो होतो आणि पोरगा काढायचाच राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी कुडाळच्या वाटेवरचं पिंगुळी गाठलं. इथल्या ठाकर समाजानं चित्रकथीची परंपरा सांभाळली आहे. चित्रांची पोथी पुढं ठेवायची, एकेक चित्र उभं धरायचं आणि वीणा, हुडुक, टाळ यांच्या साथीवर रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. सोबत कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्याही. परशुराम गंगावणे यांनी ही सगळी संपदा आपल्या गोठ्याचं संग्रहालय करून तिथं मांडली; २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पोथीतल्या माणसांचे चेहरे बाजूनं काढलेले आणि डोळे भले मोठे. डोळे पाहून मी चपापलो. बशीएवढे डोळे तर माझ्या पोरालाही होते! गावातल्या एका म्हाताऱ्यांना विचारलं, “आजोबा, डोळे एवढे मोठे का हो?”

“रातीच्या दिव्यात मागच्याक दिसूक व्हयो मां,” ते म्हणाले.

बस्स! या डोळ्यांना कारण होतं. देवळात रात्री कथा लागायची, दिव्याचा उजेड मिणमिणता, शेवटच्या रांगेतल्या माणसाला राम कुणाकडे पाहतोय ते कळायला हवं. म्हणून डोळा मोठा. माझ्या पोराचे डोळे मोठे का होते? तर दुसऱ्या कुणीतरी ते मोठे काढले होते म्हणून. चामड्याच्या बाहुलीचंही तसंच. पडद्यावर सावली पडली की बाह्याकृतीच आधी बोलते. ती ओळखू आली नाही, तर रंग लावून काय उपयोग? मी मनातल्या मनात माझ्या पोराची सावली पाडून पाहिली. वाटोळा गोळा दिसला. तो पोरगा असेल, भोपळा असेल, नाहीतर फुगा.

संध्याकाळी कुडाळला आलो. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. निदान फराळाच्या वेळी घरी असावं म्हणून रात्रीची गाडी धरायची होती. वेळ होता, म्हणून एका आळीत शिरलो, तर पोरं नरकासुर करत होती. त्या मुलखात चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळतात. बांबूचा सांगाडा, पोटात गवत, अंगात कुणाच्या तरी बापाचा फाटका सदरा. डोळ्यांना डब्यांची झाकणं, मिशीला नारळाच्या सोडणाचा झुबका. एक झाकण लहान, एक मोठं. त्यामुळे राक्षस एक डोळा बारीक करून आल्यागेल्याचा हिशेब मागतोय असं वाटे. असा चेहरा मी जन्मात काढला नसता. तो घडला, कारण दुसरं मोठं झाकण मिळालं नाही.

इतक्यात परतीच्या पावसाची सर आली. पोरं पळाली. एक पोरगा तेवढा थांबला. त्यानं डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतली होती. ती काढून त्यानं नरकासुराच्या डोक्यावर चढवली आणि स्वतः भिजत उभा राहिला.

मी वळचणीखालून ओरडलो, “अरे, उद्या तर जाळणार त्याला!”

“उद्या जाळतलो,” तो म्हणाला, “पण आज भिजाक नको.”

“मग पुढल्या वर्षी?”

“फुडल्या वर्षी दुसरो करतलो!”

पंचवीस वर्षं एकेक रेघ जपून ठेवणारा मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. सर ओसरली. त्यानं खोळ काढून पुन्हा आपल्या डोक्यावर घेतली आणि तो घराकडे पळाला. मागून दिव्याचा उजेड होता. दिसला एक काळा त्रिकोण आणि त्याखाली दोन काटकुळे पाय.

रात्री गाडीत झोप आली नाही. वहीत तोच त्रिकोण काढत होतो. पंधरा-वीस पानं बिघडली. ती डब्यातच टाकून दिली.

भाऊबीजेला भाची आली. टेबलापाशी येऊन तिनं टाचा उंचावल्या. मी जीव मुठीत धरून उभा होतो. बराच वेळ तिनं त्या खोळवाल्याकडे पाहिलं. नाव काही सुचेना.

“मामा,” ती म्हणाली, “हा कोण रे? आणि डोक्यावर काय घेतलंय त्यानं?”

मग मी तिला गोष्ट सांगायला बसलो.