दुपारचं काय?

विक्रोळी (पूर्व)

चि. मानसी,


सायलीला तीन पूर्ण झाली की दिवसभराच्या प्रीस्कूलमध्ये घालावं का, असं तू विचारतेस. यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. तिला शिकायला काय मिळेल हा एक आणि तुम्ही दोघं कामावर असताना तिला सांभाळेल कोण हा दुसरा. कन्नमवार नगरातून रोज बीकेसी गाठणाऱ्यांची खरी अडचण दुसरी असते; माहितीपत्रकं मात्र उत्तर पहिल्याचं देतात. सहाव्या वर्षाआधी मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ होते, हे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं वाक्य त्यांच्या फार उपयोगी पडतं. पण ही वाढ शाळेतच होते, असं धोरण कुठे म्हणतं? पूर्वप्राथमिकच्या बाजूने ज्याचा दाखला हमखास देतात, तो अमेरिकेतला पेरी प्रीस्कूलचा प्रयोग 1962 मध्ये सुरू झाला. ती मुलं रोज जेमतेम अडीच तास शाळेत असत आणि शिक्षिका दर आठवड्याला त्यांच्या घरी जात. मुलं गरीब घरांतली, त्यामुळे तिथले फायदे तुमच्या घराला जसेच्या तसे लावू नयेत. म्हणून इंग्लंडमध्ये 1997 पासून सुमारे 3,000 मुलांवर झालेला अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात सगळ्या थरांतली मुलं होती. बालवाडीचा फायदा तिथे स्पष्ट दिसला, पण पूर्ण दिवस जाणारी मुलं अर्धा दिवस जाणाऱ्यांच्या पुढे गेली नाहीत.

तू म्हणशील, घरी आजी टीव्ही लावून देतात, त्यापेक्षा शाळा बरी. आक्षेप रास्त आहे. या वयात दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सगळी दुपार कार्टूनपुढे जाणार असेल तर पूर्णवेळ शाळाच बरी. दुपारी आणायला माणूस नसेल, तरीही तेच. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. ताराबाई मोडकांनी कोसबाडच्या विकासवाडीत बालवाडी आणि प्राथमिक शाळेबरोबर पाळणाघरही चालवलं, कारण सांभाळाची सोय झाल्याशिवाय धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुली शाळेत येणार नव्हत्या. 1991 पासून अमेरिकेत तेराशेहून अधिक मुलांवर झालेल्या पाहणीत जास्त तास बाहेर राहणाऱ्यांमध्ये हट्ट, मारामारी थोडी अधिक आढळली, पण घराचा प्रभाव त्याहून मोठा निघाला. तेव्हा पूर्णवेळ घालायची वेळ आलीच, तर शाळेत अभ्यासक्रम विचारू नकोस, दुपार विचार. जेवल्यावर मुलं झोपतात की पुन्हा वर्कशीट? एका ताईकडे किती मुलं? सकाळची ताईच दुपारी असते की बदलते? आणि ताया वर्षभर टिकतात का, हेही. शाळेतल्या एसीपेक्षा मला याची किंमत जास्त वाटते.

तुझ्या सासूबाई दुपार सांभाळायला मनापासून तयार आहेत, असं तूच लिहिलंस. मग या वर्षी अर्धाच दिवस घाल, आणि टीव्हीचं तेवढं त्यांच्याशी तू नाही, सुनीलने बोलावं.

तुझी,
मावशी