एका कामाच्या अनेक भाषा

आम्ही इतिहासाचे शिक्षक. संगणक हा आमचा विषय नव्हे. तरीही दहावीची परीक्षा संपवून मुलांना घरी न्यायला आलेले पालक हटकून विचारतात, “सर, पोराला कॉम्प्युटरची कोणती भाषा शिकवू?” मजुरीतून साठवलेले पैसे एका क्लासच्या फीमध्ये जाणार असतात. त्यामुळे उत्तर जबाबदारीने द्यावे लागते. या क्षेत्रात स्थिरावलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांकडून ते आम्ही समजून घेतले.

मोठे सॉफ्टवेअर बहुधा एका भाषेत लिहिलेले नसते. ऑनलाइन निकालाचेच उदाहरण घ्या. पडद्यावरील पान एचटीएमएल व जावास्क्रिप्टमध्ये, गुणांचा हिशेब जावा किंवा पायथनमध्ये, तर साठवलेल्या नोंदी शोधण्याचे काम एसक्यूएलकडे असू शकते. येथे शब्दांबरोबर विचाराची रीतही बदलते. पायथनमध्ये कृती पायरीपायरीने सांगता येते. एसक्यूएलमध्ये काय हवे तेवढे सांगायचे, ते कसे आणायचे हे यंत्रणा ठरवते.

इतिहासाच्या अभ्यासकाला यातील कालक्रम विशेष भावतो. पायथन १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. पण तिच्यातून मोठी आकडेमोड करणारे ‘नमपाय’ आतून मुख्यतः सी भाषेत आहे, आणि सी १९७० च्या दशकाच्या आरंभीची. समीकरणे सोडवताना आधाराला येणारा ‘लॅपॅक’ हा संग्रह मुळात फोर्ट्रानमध्ये लिहिला गेला, आणि फोर्ट्रान तर १९५७ ची! नवीने लिहिणे सुलभ केले, जुनींनी वेग राखला.

धोका असतो तो सांध्यात. जन्मतारीख ०५/०६ अशी पाठवली आणि दिवस आधी की महिना आधी, हे दोन्ही बाजूंनी ठरवून घेतले नसेल, तर ५ जूनचा जन्म ६ मे होतो. कागदपत्रांशी तारीख जुळत नाही आणि एखाद्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. म्हणून जितक्या भाषा अधिक, तितका त्यांच्यातील करार स्पष्ट व लेखी हवा.

पालकांना आम्ही सांगतो : भाषेच्या नावावर भुलू नका. मुलाला आधी एक भाषा नीट येऊ द्या. मग विचाराची वेगळी रीत असलेली दुसरी शिकू द्या. आणि माजी विद्यार्थ्यांनो, वर्षातील चार रविवार आपल्या वसतिगृहातील मुलांना द्या. जी फी त्यांच्या घरी नाही, ती तुम्ही अशी भरू शकता.