झुडपामागची पाटी

ओट्सच्या डब्यावरचा तो हॅटवाला, पांढऱ्या केसांचा म्हातारा तुम्ही पाहिला असेलच. 'क्वेकर' हा शब्द आपल्या घरात आला तो एवढाच. पण त्या कंपनीचा आणि खऱ्या क्वेकर मंडळींचा काडीचा संबंध नाही, बरं का! क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातून निघालेला एक छोटा पंथ. १६५०च्या सुमारास इंग्लंडात जॉर्ज फॉक्स यांनी तो सुरू केला. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात नयी तालीमचं काम केलेल्या मार्जरी साईक्स याच पंथातल्या.

२०२३ साली मी पाच महिने लेकीकडे यॉर्कशायरमधल्या एका लहान गावी होते. तिच्या शेजारच्या बाई, सत्तरी उलटलेल्या, दर रविवारी सकाळी नीटनेटक्या होऊन बाहेर पडायच्या. एकदा म्हणाल्या, "येता का?" मी पदर खोचला आणि निघाले.

काय असतं तिथे? काहीच नसतं! पाद्री नाही, मूर्ती नाही, गाणं नाही. गोल मांडलेल्या खुर्च्या, मधल्या टेबलावर फुलं आणि तासभर मौन. कुणाला अगदी आतून वाटलं तर उठून चार वाक्यं बोलायची, की पुन्हा शांतता. शेवटी दोघं हात मिळवतात, मग सगळेच शेजाऱ्याशी हात मिळवतात, आणि चहा-बिस्किटं. मला फार बरं वाटलं. पण खरं सांगते, शेजारीण सोबत नसती तर त्या दारात पाऊल टाकायचा धीर मला झाला नसता.

कारण दार बंद. पाटी झुडपामागे. तिच्यावर लिहिलेलं 'मीटिंग हाऊस'. वाटावं, एखादी कचेरी असेल. या लपण्याला इतिहास आहे. १६६२ आणि १६६४च्या कायद्यांनी क्वेकरांच्या सभांवर बंदी आली, हजारोंनी तुरुंग भोगला. १६८९ साली मोकळीक मिळाली, तरी घरं बांधली ती साधी, बिनकळसाची, पुष्कळदा आडबोळात. भीती गेली, सवय राहिली.

आमच्या त्या गोलात माणसं उरली होती अकरा. सगळ्यांत धाकटे गृहस्थ अठ्ठावन्न वर्षांचे! छपराची दुरुस्ती आलेली, आणि अशीच गळती लागली तर जागा विकावी लागेल, हे चहा पिताना सगळ्यांच्या मनात. तेव्हा त्यांनी याच विषयावर बैठक घेतली. मी सभासद नव्हते, म्हणून रीतीप्रमाणे आधी परवानगी घेतली. नवी म्हणून मलाच विचारलं, "तुम्हांला पहिल्या दिवशी काय वाटलं?"

मी म्हटलं, "तुम्ही प्रेमळ आहात, पण ते बाहेरून दिसत नाही. किती वेळ बसायचं, पैसे पडतात का, मूल रडलं तर चालेल का, हे नव्या बाईला कुणी सांगायचं?"

एक वृद्ध गृहस्थ नाराज झाले. "आपण कुणाच्या मागे लागत नाही. हा तर दुकानाचा बोर्ड झाला."

आता खरी गंमत. हे लोक मतदान करत नाहीत. चिटणीस बाईंनी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. पाच-सात मिनिटं कुणी हूं की चूं नाही. मग त्यांनी तिथल्या तिथे ठराव लिहिला, वाचला, दोन शब्द बदलले, पुन्हा वाचला, तेव्हा कुठे सगळ्यांनी मान डोलावली. (आमच्या सोसायटीच्या सभेत हे करून पाहायला हवं!) त्या गृहस्थांनी एक वाक्य मात्र घालायला लावलं: नको वाटलं तर मधूनच उठून गेलं तरी चालेल. मला ते सगळ्यांत आवडलं.

झुडूप छाटलं. पाटी आली: 'रविवारी साडेदहा. तासभर मौन. कुणीही यावं.' दाराशी एकानं उभं राहायचं, प्रत्येक खुर्चीवर छोटं पत्रक. चहाच्या वेळी पहिली दहा मिनिटं जुन्यांनी आपसांत कोंडाळं करायचं नाही. आणि नव्या माणसावर तुटूनही पडायचं नाही! पहिल्याच भेटीत भिशीत नाव घालणाऱ्या बाया तुम्हांलाही माहीत आहेत. त्यांच्या घरी आपण दुसऱ्यांदा जातो का?

मी निघेपर्यंत पाच नवी माणसं आली. त्यांतली तिघं पुन्हा आली नाहीत. एक तरुण आई तान्ह्याला घेऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसली, वीस मिनिटांनी निघून गेली. पुढच्या रविवारी परत आली, बाळाच्या मोज्यांसकट. लेक फोनवर सांगते की ती अजून येते. छपराचे पैसे मात्र अजून जमायचे आहेत.