मोटारसायकलीविना जाकीट

अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी संस्थेच्या अधिकाऱ्यांनी १९७४ साली एका नव्या कौटुंबिक विनोदी मालिकेच्या कर्त्यांवर असा मनाई हुकूम बजावला की, तीतील फाँझी नावाच्या उनाड तरुणाच्या अंगात कातडी जाकीट असता कामा नये. कारण कातडी जाकीट घालणारा इसम गुंड वाटतो, आणि गुंडाने सभ्य गृहस्थाच्या दिवाणखान्यात, मग तो पडद्यावरचा असो की पडद्यासमोरचा, येऊन बसावे हे त्यांना रुचण्यासारखे नव्हते. मालिकेचे नाव ‘हॅपी डेज’ आणि तिचे जनक गॅरी मार्शल. त्यांनी असा युक्तिवाद केला की, मोटारसायकलीवरून पडल्यास कातड्याने अंग सोलवटण्यापासून वाचते, सबब जाकीट हे पोशाखात न मोडता सुरक्षेच्या साधनांत मोडते. वरिष्ठांना ही वकिली पटली आणि तडजोड अशी ठरली की, मोटारसायकल जवळ असेल तेवढ्यापुरते जाकीट अंगावर राहील, एरवी फाँझीने फिक्या रंगाचे साधे कापडी जर्किन घालावे. मार्शल यांनी मग आपल्या लेखकांना सांगून टाकले की, मोटारसायकलीवाचून फाँझीचा प्रसंग लिहूच नका.

गेली पंचवीस वर्षे मालिकांच्या पटकथा आणि संवाद लिहून मी चरितार्थ चालवीत आलो आहे. घरगुती विनोदाची मालिका नेमकी कोणत्या दिवशी उतरणीला लागते, असे विचारले असता आमच्या धंद्यातील मंडळी जी उत्तरे देतात, म्हणजे नट सोडून गेला, लेखक बदलला, वाहिनीने आठवड्यातून एकाऐवजी पाच भाग मागितले, ती सारी खरी असूनही मला अपुरी वाटत आली आहेत. कारण नट जाऊनही टिकलेल्या मालिका मी पाहिल्या आहेत, आणि सगळे नट जागच्या जागी असताना आतून पोखरलेल्या मालिका तर मी स्वतः लिहिल्या आहेत. या जाकिटाचा प्रवास मात्र मला त्या प्रश्नाचा सर्वांत स्वच्छ दाखला वाटतो.

कथा मिलवॉकी शहरातील, काळ १९५०च्या दशकाचा. हॉवर्ड कनिंगहॅम हा लोखंडी सामानाचा दुकानदार, त्याची पत्नी मॅरियन, मुलगा रिची आणि धाकटी जोनी. मुलगा वाढत्या वयाचा, संकोची, मुलींशी बोलताना अडखळणारा, आणि बाप कर्तव्य म्हणून रागावणारा. फाँझी हा शाळा अर्धवट टाकलेला मोटार-कारागीर. सुरुवातीला तो रिचीच्या गोष्टीच्या कडेकडेने वावरतो, चार वाक्ये बोलतो आणि निघून जातो. त्याचा धाक आहे तो या अल्पभाषीपणामुळेच. हेन्री विंकलर यांनी ती भूमिका इतक्या संयमाने केली की, पाहणाऱ्याला हा मनुष्य आणखी थोडा वेळ थांबला असता तर बरे झाले असते असे वाटत राही. प्रेक्षकाची ही अतृप्ती म्हणजे लेखकाच्या गाठीचे भांडवल होय. ते मोडून खाऊ नये, एवढे व्यवहारज्ञान आमच्याजवळ क्वचितच असते.

पहिली दोन वर्षे मालिका चित्रपटाप्रमाणे, एका कॅमेऱ्याने, समोर प्रेक्षक न बसवता चित्रित होई. दुसऱ्या वर्षी लोकप्रियता घसरली, तेव्हा एक भाग रंगमंचाच्या पद्धतीने, समक्ष बसलेल्या प्रेक्षकांपुढे करून पाहण्यात आला, आणि तो प्रयोग साधल्यामुळे १९७५च्या सप्टेंबरापासून सारी मालिकाच तशी होऊ लागली. त्याच सुमारास फाँझी कनिंगहॅमांच्या गॅरेजवरील खोलीत भाडेकरू म्हणून राहावयास आला. खोलीत पाऊल टाकण्यापूर्वीच त्याच्यासाठी टाळ्यांचा आणि किंकाळ्यांचा गजर होऊ लागला. आपल्या नाटकवाल्यांना या टाळीची ओळख करून द्यावयास नको. दामोदर हॉल असो की बालगंधर्व, ‘एंट्रीची टाळी’ घेणारा नट कंपनीचा आधारस्तंभ गणला जातो. परंतु नाटकात ती टाळी रात्रीतून एकदाच पडते. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वजा जाता हाती उरतात जेमतेम पंचवीस मिनिटे, आणि त्यात तो इसम चार वेळा येत असेल तर चार वेळा सर्वांनी स्तब्ध उभे राहावयाचे, संवाद तहकूब ठेवावयाचा, आणि ज्याचा मुलाशी वाद चालू होता त्या बापाने टाळ्या संपेपर्यंत चेहऱ्यावर काहीतरी भाव धरून ठेवावयाचा. बापाचा राग तेवढ्यात निवतो. रागच निवला म्हणजे पुढील पानावरचा विनोद कोणावर उभा करावयाचा?

याचा अनुभव मी घेतला आहे, आणि त्यात दोष माझाही आहे. एका मालिकेत मी एक मामा लिहिला होता. नायिकेच्या सासरी तो महिन्यातून एकदा यावा, चपला दारात उलट्यासुलट्या काढाव्यात, आणि ‘मी बसत नाही’ असे म्हणत दीड तास बसावे, एवढेच त्याचे काम. लोकांना तो आवडला. वाहिनीकडून निरोप आला की मामा आठवड्याला हवा. पुढे निरोप आला की रोज हवा. आमच्याकडे समोर प्रेक्षक बसत नाहीत, परंतु संकलनाच्या टेबलावर त्याच्या प्रवेशाला ठरलेले संगीत चिकटले, आणि थोड्याच दिवसांत मी स्वतःच संहितेत ‘मामा दारात. (थांबा.)’ असे लिहू लागलो. त्या कंसातल्या शब्दाची मला आज लाज वाटते. सहा महिन्यांनी मामा कायमचा त्या घरी राहावयास आला, सर्वांना सल्ला देऊ लागला, आणि ‘मी बसत नाही’ या वाक्याला अर्थच उरला नाही, कारण तो आता तेथेच राहत होता. वाक्य मात्र मी आणखी दोन वर्षे लिहीत होतो.

‘हॅपी डेज’मध्ये या ऱ्हासाची पायरीनपायरी दिसते, आणि त्यासाठी दोन उड्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. १९७५मध्ये फाँझी आपली कीर्ती ओसरली या शंकेने बेचैन होऊन अर्नोल्डच्या उपाहारगृहाबाहेर मोटारसायकलीवरून कचऱ्याचे १४ डबे ओलांडतो. उडी साधते, पण उतरताना तो आदळतो आणि गुडघा दुखावून घेतो. प्रसंग थोडासा बटबटीत आहे हे मान्य. तरी त्यात भय आहे, वेदना आहे, केवळ लौकिकासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या मनुष्याचे हास्यास्पद एकाकीपण आहे, आणि मुख्य म्हणजे हे सारे ज्या उपाहारगृहाच्या अंगणात ती पोरे रोज बसतात तेथेच घडते. दुसरी उडी २० सप्टेंबर १९७७ रोजी प्रक्षेपित झालेल्या भागातील. साऱ्या कुटुंबाची वरात मिलवॉकी सोडून कॅलिफोर्नियात गेली आहे. फाँझीला चित्रपटात घेण्याचे घाटत आहे. एका स्थानिक फाकडू तरुणाने आव्हान दिले आहे. आणि आपला नायक पाण्यावरील घसरपट्ट्यांवर उभा राहून, दोरीने ओढला जात, कुंपणात कोंडलेल्या शार्क माशावरून उडी मारतो. त्याचे काहीही दुखावत नाही. पायांत आखूड पोहण्याची चड्डी आहे आणि अंगात तेच कातडी जाकीट आहे.

तीन वर्षांपूर्वी ज्या वस्त्राला मोटारसायकलीच्या जामिनाशिवाय जमिनीवर वावरण्याची परवानगी नव्हती, ते आता समुद्रावर फिरत होते आणि कोणी ‘का’ म्हणून विचारले नाही. विचारावयाचे कोणी? संस्थेचे अधिकारी संतुष्ट होते, कारण १९७६-७७च्या हंगामात ही मालिका देशात प्रथम क्रमांकावर होती. बाप हॉवर्ड तर केव्हाच प्रेक्षकांपैकी एक झाला होता. किनाऱ्यावर उभा राहून तोही पाहत होता. घरात एक मॅरियन तेवढी अशी उरली होती की जी फाँझीला त्याच्या खऱ्या नावाने, ‘आर्थर’ म्हणून हाक मारी, आणि त्या हाकेसरशी तो खांदे पाडून दहा वर्षांचा मुलगा होई. उतरत्या काळातही ही मालिका जेथे जेथे खरी वाटते तेथे बहुतेक वेळा ही हाक ऐकू येते.

पुढे अमेरिकन बोलीत ‘शार्क ओलांडणे’ हा वाक्प्रचारच रूढ झाला, आणि कोणत्याही मालिकेच्या अधःपाताचा मुहूर्त सांगण्यासाठी लोक तो वापरू लागले. त्या भागाचे लेखक फ्रेड फॉक्स धाकटे यांनी २०१०मध्ये वृत्तपत्रातून या अपकीर्तीचा जाहीर प्रतिवाद केला: तो भाग तीन कोटींवर लोकांनी पाहिला, आणि त्यानंतर दीडशेहून अधिक भाग झाले, मग ऱ्हास कसला? समव्यावसायिक म्हणून माझी त्यांना सहानुभूती आहे, आणि अर्धे म्हणणे मान्यही आहे. शार्कवर ठपका ठेवणे अन्यायाचे आहे; तो बिचारा फक्त पावती होय, उधारी दोन वर्षे आधीपासून चढत होती. परंतु प्रेक्षकसंख्येची साक्ष मला या कामी मान्य नाही. चढती लोकप्रियता आणि उतरता दर्जा ही दोन्ही खाती एकाच वेळी चालू राहू शकतात, किंबहुना मोठ्या मालिकांत बहुधा तशीच चालतात. टीआरपीचा आकडा दर आठवड्याला हाती पडतो, आणि दर्जाचा हिशेब मागावयास कोणी येत नाही.

त्यानंतरच्या घडामोडींवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. १९७८च्या आरंभी या १९५०च्या दशकातील घरात परग्रहावरून मॉर्क नावाचा प्राणी उतरला. त्या निमित्ताने रॉबिन विल्यम्स या अलौकिक नटाचे भाग्य उदयास आले आणि त्याच वर्षी त्याला स्वतंत्र मालिका मिळाली, म्हणून ही आगळीक माफ करावी. १९८०मध्ये रिचीचे काम करणारे रॉन हॉवर्ड दिग्दर्शनाच्या ओढीने निघून गेले.

एक गोष्ट मात्र मला माफ करवत नाही. कनिंगहॅमांना चक नावाचा एक थोरला मुलगा होता. उंच, खेळाडू, हातात बास्केटबॉल. दोन वर्षांत त्याच्यासाठी दोन नट झाले, लेखकांना त्याचे काय करावे ते सुचेना, आणि तिसऱ्या वर्षापासून तो दिसेनासा झाला. त्याला नोकरी लागली, तो सैन्यात गेला, असे एक वाक्यही कोणी लिहिले नाही. १९८४मध्ये शेवटच्या भागात, जोनीच्या लग्नात, हॉवर्ड सद्गदित होऊन बोलतो तेव्हा आपल्या दोन मुलांना वाढविण्याच्या आनंदाचा तो उल्लेख करतो. दोन! घरगुती मालिकेच्या घराला आपले मूल विसरता येते, आणि भाडेकऱ्याचे जाकीट विसरता येत नाही.

आपल्याकडे २००१मध्ये अल्फा मराठी वाहिनीवर आलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’वर ती बेतलेली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचे, आणि आबा दस्तुरखुद्द प्रभावळकर. आबा हे सर्वांचे लाडके होते. एंट्रीची टाळी त्यांना सहज मिळाली असती. परंतु मूळ कल्पनाच रोजनिशीची असल्यामुळे जे रोजनिशीच्या पानात मावते तेवढेच त्या घरात घडावयाचे, म्हणजे कोणाची परीक्षा, कोणाचा रुसवा, ऑफिसातली एखादी चुकामूक. आणि सून-नातवंडे आबांना प्रेमाने का होईना, अडवीत, दुरुस्त करीत. लेखकाने स्वतःवर घालून घेतलेला हा मनाई हुकूम होता, आणि मालिका काही वर्षांत, लोकांना आणखी हवी असतानाच आटोपली.

फाँझीचे कातडी जाकीट १९८०मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जमा झाले. मालिका त्यानंतर आणखी चार वर्षे चालू होती.