एलिझाबेथचे दार

दरवर्षी 31 मे रोजी ख्रिस्तसभा पवित्र मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीचा सण साजरा करते. पंचवीसहून अधिक वर्षे मी या सणाच्या मिस्सेत प्रवचन करीत आलो आहे, आणि खरे सांगायचे तर त्यांतील बहुतेक वर्षे ते एकच प्रवचन होते. देवदूताचा निरोप मिळताच मरिया लगबगीने डोंगराळ प्रदेशाकडे निघाली. स्वतः गर्भवती असूनही वयोवृद्ध नातलग स्त्रीच्या सेवेला धावली. आपणही असेच धावून गेले पाहिजे. श्रोते माना डोलावीत आणि मी समाधानाने वेदीकडे वळे. या प्रसंगात दोन स्त्रिया आहेत आणि त्यांपैकी एकीविषयी आपण कधीच काही बोललो नाही, हे माझ्या ध्यानात आले ते सांगलीत, 2019 सालच्या पावसाळ्यात. ते ध्यानात आणून दिले एका शिक्षिकेने, आणि तत्पूर्वी मी तिचे मन दुखावलेले होते.

साताऱ्यात काही वर्षे सेवा केल्यानंतर माझी बदली सांगलीस झाली होती. माहुलीच्या संगमावर रोज पाहिलेली कृष्णा सांगलीत आयर्विन पुलाखालून वाहताना दिसली, की जुने ओळखीचे माणूस परक्या गावी भेटल्यासारखे वाटे. ही शिक्षिकाही सातारा जिल्ह्यातलीच. घरटी एक सैनिक असलेली गावे त्या जिल्ह्यात आहेत. तिचे सासर अशाच एका गावी होते आणि पती दूर सीमेवर. आई लहानपणीच वारलेली, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सांगलीतील एका शाळेत ती गणित शिकवी आणि गावभागात दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटी राही. वय पस्तिशीच्या पुढे. यापूर्वी दोनदा तिची कूस रिती झाली होती. तिसऱ्या वेळी पाचवा महिना लागला, तेव्हा सोनोग्राफीत दिसले की वार फार खाली आहे आणि तिने गर्भाशयाचे तोंड झाकले आहे. अशा अवस्थेत वेदना नसताना एकाएकी रक्तस्राव होऊ शकतो. तो कधी होईल आणि किती होईल हे सांगता येत नाही. डॉक्टरांनी बजावले, की जड उचलायचे नाही, जिने चढायचे नाहीत, प्रवास करायचा नाही, बाळंतपण शस्त्रक्रियेनेच होईल आणि घरात रात्रंदिवस कोणीतरी सोबतीला हवे.

सोबतीला कोण येणार? आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सातव्या महिन्यात ओटी भरावी, लेकीने माहेरी जावे, आईने तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळावेत, शेकशेगडी करावी. यात लेकीला संकोच वाटत नाही. माहेर हा तिचा हक्क असतो. ज्या स्त्रीचे माहेर उरलेले नाही, तिला मैत्रिणींकडे पाहावे लागते, आणि तेथे हक्काची जागा ‘उपकार’ हा शब्द घेतो. उपकाराच्या मागोमाग येतो तो मिंधेपणा. कोणाचे मिंधे राहू नये, ही शिकवण सातारा-सांगलीकडच्या घरांतून बाळकडूसारखी पाजली जाते. या शिक्षिकेच्या अंगी ती पुरती भिनली होती. शेजारणीने कोथिंबिरीची जुडी आणून दिली तरी ती विचारी, “किती झाले?” आणि पैसे हातावर ठेवल्यावाचून तिला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसे.

त्या वर्षीही 31 मे रोजी मी माझे नेहमीचे प्रवचन केले. त्या दिवशी ती मंदिरात होती, हे मला नंतर कळले. तिच्या आजाराची हकीगत कानावर आली तेव्हा माझ्यातील कार्यक्षम धर्मगुरू जागा झाला. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर मी जाहीर विनंती केली, की आपल्यातील एका भगिनीला मदतीची नितांत गरज आहे, डबा देणाऱ्यांनी आणि आर्थिक साहाय्य करणाऱ्यांनी नावे नोंदवावीत. नाव मी घेतले नाही. परंतु आमचा धर्मग्राम लहान, कोणाला काय कळायचे राहिले? दुपारपर्यंत यादी तयार झाली. संध्याकाळी दोन भगिनी डबा घेऊन तिच्याकडे गेल्या आणि तसाच डबा घेऊन परत आल्या. तिने दार उघडलेच नाही.

प्रथम मला रागच आला. हा अहंकार नव्हे तर काय, असे मी मनाशी म्हणालो. दोन दिवसांनी मी स्वतः गेलो. मला मात्र तिने आत घेतले. ती पलंगावर पडूनच बोलत होती. तिच्या स्वरात राग नव्हता, याचेच मला अधिक वाईट वाटले. “फादर, तुमच्या प्रवचनात मरिया लगबगीने निघते. ती पोहोचली तेव्हा एलिझाबेथने दार कसे उघडले असेल, ते तुम्ही कधी सांगत नाही.” थोडे थांबून ती म्हणाली, “रविवारपर्यंत मी तुमच्या मंदिरात येणारी एक बाई होते. रविवारनंतर मी एक यादी झाले.”

मी तिची क्षमा मागितली. घरी परतल्यावर लूककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडला. सेमिनरीत आम्ही या अध्यायाचा शब्दन् शब्द अभ्यासला होता, तरीही एक वाक्य मी जणू पहिल्यानेच वाचले. गर्भ राहिल्यावर एलिझाबेथ पाच महिने लोकांपासून दूर, एकांतात राहिली. वय उतरलेले, जन्मभर वांझपणाचा बोल ऐकलेला, पती जखऱ्या मुका झालेला. तिने घराचे दार लावून घेतले असेल तर त्याला अहंकार कसे म्हणावे? सहाव्या महिन्यात मरिया आली, आणि एवढे दिवस लपून राहिलेल्या त्या स्त्रीने मोठ्याने आनंदोद्गार काढले. मरिया तेथे सुमारे तीन महिने राहिली. तीन महिने आपल्या घरात दुसऱ्या कोणाला वावरू देणे, आपली चूल आणि आपले अंथरूण तिच्या स्वाधीन करणे, हेही एलिझाबेथला साधले होते. मरियेच्या लगबगीइतकेच हेही मोठे कार्य नव्हे काय?

माझ्या यादीला जे जमले नाही, ते तीन बायकांनी साधले. त्यांतील एक गल्लीतच शिवणकाम करणारी मुस्लिम भगिनी, दुसरी शाळेतील सहशिक्षिका आणि तिसरी आमच्याच धर्मग्रामातील, विश्रामबागेत राहणारी एक परिचारिका. शिवणकाम करणारी प्रथम आली ती रिकाम्या हाताने. म्हणाली, “बाई, पोरगं दहावीला गेलंय आन् गणित कच्चं हाय. तुम्ही पडल्या पडल्या शिकवाल का? तवर मी हितंच भाकरी टाकते, तुमच्या दोन जास्तीच्या.” शिक्षिकेने तिच्यासाठी दार उघडले, कारण आत येणारी काही मागायला आली होती. मुलगा उशाशी वही घेऊन बसे आणि पलीकडे स्टोव्हवर तवा तापे. तेथे “किती झाले?” हा प्रश्न निघेना, कारण हिशेब दोन्हीकडून चालू होता.

जून महिन्यात मी पुन्हा गेलो तेव्हा बोलता बोलता नायगावचा विषय निघाला. साताऱ्यास असताना मी खंडाळा तालुक्यातील त्या गावी गेलो होतो. 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म तेथे झाला. नायगावहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. 29 ऑगस्ट 1868 च्या पत्रात त्यांनी एक हकीगत कळवली आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जडले होते आणि सारजा सहा महिन्यांची गरोदर होती. गावकरी दोघांना मारझोड करीत, जिवे मारण्याच्या हेतूने नेत होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक दाखवून त्यांनी दोघांना सोडवले आणि पुण्यास जोतीरावांकडे पाठवले. त्यापूर्वीच, 1863 साली, पुण्यात फुले पतिपत्नींनी फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांसाठी आपल्या घराचे दार उघडले होते.

ही हकीगत मी उत्साहाने सांगितली. शिक्षिका म्हणाली, “म्हणजे पुन्हा धावून जाणारीचीच गोष्ट सांगितलीत, फादर.” तेव्हा मला त्याच नायगावचे दुसरे पत्र आठवले. ते बारा वर्षे आधीचे, 10 ऑक्टोबर 1856 चे. त्या वेळी सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी आल्या होत्या आणि पुण्यातील शाळेच्या कामाचा भार त्यांची सहकारी फातिमा हिच्यावर पडला होता. सावित्रीबाई लिहितात, की पूर्ण बरे वाटताच आपण येऊ; फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. त्यात क्षमायाचना नाही आणि लाजही नाही. मैत्रिणीला त्रास होतो आहे याची जाणीव आहे आणि ती तो सोसेल हा विश्वासही आहे. 1868 साली सारजेसाठी धावणारी स्त्री 1856 साली अंथरुणावर पडून मैत्रिणीच्या आधारावर विसंबली होती. मला वाटते, सारजेला पुढे केलेल्या तिच्या हातात दातेपणाचा ताठा नसेल, तो यामुळेच.

शिक्षिका बराच वेळ गप्प होती. मग तिने एवढेच विचारले, “कुरकुर करणार नाही, असे लिहिले आहे?”

ऑगस्टच्या आरंभी कृष्णा चढू लागली. आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेले. गावभागात पाणी शिरण्यापूर्वीच परिचारिकेने शिक्षिकेला विश्रामबागेत आपल्या घरी हलवले. दोनच दिवसांत शिवणकाम करणारीही मुलासह तेथेच आली. तिचे शिलाई मशीन पाण्याखाली गेले होते. त्या आठवड्यात सांगलीत देणारे कोण आणि घेणारे कोण, हे सांगणे कठीण झाले. ज्यांची नावे माझ्या जूनमधील यादीत दाते म्हणून होती, त्यांतील काहीजण पोळीभाजीच्या पुडक्यासाठी रांगेत उभे असलेले मी पाहिले, आणि त्यांनी मला पाहून मान खाली घातलेलीही पाहिली. शिक्षिकेने दार का उघडले नव्हते, ते मला त्या दिवशी पुरतेपणी कळले.

पूर ओसरला, आणि महिनाअखेरीस एका रात्री ज्याची धास्ती होती तेच घडले. अंथरूण, साडी, फरशी, सारे रक्ताने भिजले. नंतर तिने मला सांगितले, “फादर, इतके दिवस मी मनात वही ठेवली होती. गणिताची शिकवणी एका बाजूला, भाकरी दुसऱ्या बाजूला. त्या रात्री तिने माझे अंग पुसले, माझे कपडे धुतले. ते कोणत्या रकान्यात मांडू? मी वही मिटली.” मिरजेत 1894 साली डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय सुरू केल्यापासून ते गाव वैद्यकीय सेवेसाठी सीमेच्या दोन्ही बाजूंना ओळखले जाते. तेथील एका रुग्णालयात तिला रातोरात नेले. रक्त हवे होते. शिवणकाम करणारीचा नवरा आणि शाळेचा शिपाई यांनी रक्त दिले. मीही बाही सरसावून पुढे झालो. परंतु माझा रक्तदाब फार वाढलेला निघाला आणि मला नाकारण्यात आले. मी बाकावर जाऊन बसलो. देण्यासारखे काहीही जवळ नसलेला मनुष्य म्हणून मी प्रथमच कोठे बसलो असेन. पहाटे कोणीतरी माझ्या हातात चहाचा कप ठेवला. तो कोणी आणला, हे मला अद्याप ठाऊक नाही.

सकाळी मुलगी झाली. वजन दोन किलोंहून कमी भरले, काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवावे लागले. पण आई आणि लेक दोघीही सुखरूप घरी आल्या. डिसेंबरात, पिता रजेवर आलेला असताना, मी त्या बाळाचा बाप्तिस्मा केला. परिचारिका धर्ममाता झाली. बाळाच्या अंगातील पांढरे झबले दुरुस्त केलेल्या मशीनवर शिवलेले होते. शिक्षिकेने ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, गालाला लावले. शिलाई किती झाली, असे तिने विचारले नाही.

तेव्हापासून 31 मे रोजी मी एलिझाबेथविषयीही बोलतो. ‘नमो मरिया’ ही प्रार्थना आपण जपमाळेत पुनःपुन्हा म्हणतो. तिच्यातील मरियेला आणि तिच्या उदरीच्या फळाला धन्य म्हणणारे शब्द एलिझाबेथचे आहेत, याची मी श्रोत्यांना आठवण करून देतो. ज्या स्त्रीने मदत घेतली, तिच्या तोंडचे शब्द ख्रिस्तसभेने प्रार्थना म्हणून जपून ठेवले आहेत.

गेल्या वर्षी माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवस मला मिस्सा अर्पण करता आली नाही. एरवी ख्रिस्तशरीर वेदीवरून मी स्वतःच्या हातांनी घेतो. त्या दिवसांत सहकारी धर्मगुरू ते माझ्या खोलीत आणीत, आणि माझ्यासमोर येणाऱ्या हजारो लोकांप्रमाणे मी रिकामा तळहात पुढे करी. दुपारी धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी जेवणाचा डबा घेऊन येई. तिची परिस्थिती मला ठाऊक होती. पहिल्या दिवशी माझा हात आपोआप खिशाकडे गेला. मग मी तो परत घेतला आणि तिला म्हणालो, “बसा आजी, पोळी चांगली मऊ झाली आहे.”